आधी दाखव, कापायचं मागून बघू

अंघोळ करताना काखेत हात गेला आणि काहीतरी मऊ, फुगीर लागलं. दुसऱ्या काखेत चाचपलंस, तर तिथंही थोडं तसंच. तेव्हापासून तुझ्या डोक्यात एकच शब्द फिरतोय आणि तो तोंडावर आणायचीही तुला भीती वाटते. मीच म्हणून टाकते: कॅन्सर. आता खाली बस आणि नीट ऐक. काखेतलं प्रत्येक फुगीरपण कॅन्सर नसतं गं. मऊ, दोन्हीकडे, पाळीच्या आधी ठणकणारं आणि पाळी येऊन गेली की निवणारं असं जे असतं, ते पुष्कळदा स्तनाचंच मांस असतं. नेहमीच्या जागेपासून थोडं बाजूला राहिलेलं, एवढंच. डॉक्टर त्याला ॲक्सेसरी ब्रेस्ट म्हणतात. तुझंही तेच असेल, पण ते मी इथं बसून ठरवायचं नाही आणि तूही आरशासमोर उभी राहून ठरवायचं नाही. ते कसं ठरवतात तेच आज तुला सांगते.

बघ, बाळ पोटात पाच-सहा आठवड्यांचं असतं, तेव्हाच त्याच्या अंगावर दोन्ही बाजूंनी काखेपासून जांघेपर्यंत एकेक रेघ उमटते. तिला दुधाची रेघ म्हणतात. तिफणीनं पेरताना अख्ख्या तासात बी पडतं ना, तसं स्तनाचं बी या अख्ख्या रेघेवर पडलेलं असतं. पुढं बाकीचं सगळं विरून जातं आणि छातीवरच्या दोनच जागा राहतात. कुणाकुणाच्या रेघेचं वरचं टोक पुरतं विरत नाही, आणि काखेत थोडं मांस मागं उरतं. शंभर बायकांत साधारण दोन ते सहा जणींना हे असतं. पुरुषांतही सापडतं. म्हणजे तू काही जगावेगळी नाहीस, आणि तुझ्या हातून काही चुकलेलंही नाही. काखेतले केस काढले म्हणून, पावडर लावली म्हणून किंवा बाळंतपणात काही खाल्लं म्हणून हे होत नाही. जन्मापासून ते तुझ्या अंगात आहे, फक्त इतके दिवस झोपून होतं.

ते जागं होतं पाळी सुरू झाली की, दिवस राहिले की किंवा बाळंतपणानंतर. छातीवरच्या स्तनाला जे हार्मोन रक्तातून पोचतात, तेच काखेतल्या मांसालाही पोचतात, त्यामुळं ते फुगतं, जड होतं, दुखतं. सगळ्यांचं सारखं नसतं. फिनलंडच्या काजावा नावाच्या डॉक्टरांनी १९१५ साली याचे आठ प्रकार सांगितले होते. कुणाला नुसतं मांस असतं, कुणाला सोबत बोंडही असतं, आणि कुणाला फक्त बोंड असतं, जे जन्मभर तीळ म्हणूनच मिरवतं. आपल्याकडच्या बहुतेक जणींना बोंडाशिवायचं, काखेत चरबीसारखं लोंबणारं असतं. म्हणून त्या ते वजनावर ढकलतात. वजन वाढलं तर ते जास्त दिसतं, हे खरं. पण वजन उतरवलं तरी त्यातली चरबीच कमी होते, दुधाच्या ग्रंथी जागच्या जागी राहतात. तेव्हा उपाशी राहून काख सपाट करायचा नाद सोड.

आता बाळंतपणाचं सांगते, कारण सगळ्यात जास्त घाबरगुंडी तिथंच उडते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी पान्हा फुटतो आणि त्याच दिवशी काखेत लिंबाएवढा, कधी त्याहूनही मोठा फुगवटा येतो. हात खाली टेकवता येत नाही आणि बाळाला नीट घेता येत नाही. घरातली जाणती बाई म्हणते काखमांजरी झाली. मग चुना-गुळाचा लेप येतो, बिब्बा येतो, मालिश करायला येणारी बाई अंगठ्यानं रगडून ती ‘फोडायला’ बघते आणि बाजेखालची शेगडी आणखी जवळ सरकते. यातलं एकही करू देऊ नकोस. तिथं पू नाही, दूध आहे. आणि त्या दुधाला बाहेर यायला बहुतेक वेळा वाटच नसते. रगडलंस, पिळलंस तर ते मांस आणखी सुजतं, आणि शेकानं ठणका वाढतो. बिब्ब्यानं तर कातडी भाजून निघते, आणि भाजलेल्या काखेतून जंतू आत शिरले की साध्या सुजेचं खरोखरीचं गळू होतं.

करायचं ते सोपं आहे. गार पाण्यात पिळलेलं सुती फडकं दिवसातून चार-पाच वेळा थोडा थोडा वेळ ठेव. काखेत काचणारा ब्लाउज बाजूला ठेव आणि सैल बाह्यांचा घाल. ठणका फार असेल तर पॅरासिटामोल अंगावर पाजणाऱ्या बाईलाही चालतं, किती आणि कधी घ्यायचं ते नर्सताईंना विचार. आणि बाळाला दोन्ही बाजूंनी पाजत राहा. काखेत दूध अडलं म्हणून छातीचं दूध कमी होत नाही, बाळाच्या वाट्याचं काही तिकडं जात नाही. काखेतलं दूध कुणी ओढत नाही, त्यामुळं ते मांस आपोआप दूध करायचं थांबवतं आणि आठवड्या-दोन आठवड्यांत सूज उतरते. पुढच्या बाळंतपणात पुन्हा येईल, तेव्हा मात्र तू घाबरणार नाहीस. फक्त ताप आला, काख लाल होऊन चटके बसायला लागले किंवा सूज दोन आठवड्यांनंतरही तशीच राहिली, तर दवाखाना गाठायचा. तेव्हाही पाजणं आपल्या मनानं बंद करायचं नाही.

बाळंतीण नसशील तर मात्र थोडं सावध व्हायला सांगेन. काखेत इतरही बरंच काही असतं. चरबीची साधी गाठ असते, केसांची मुळं तुंबून पुन्हा पुन्हा येणारे फोड असतात. अवधाणाच्या गाठी असतात, आणि आपल्या देशात त्या टीबीनंही सुजतात. टीबीचं औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं आणि बहुतेकींना साधारण सहा महिन्यांत त्यातून सुटता येतं, पण त्यासाठी तो टीबी आहे हे कळायला तर हवं. आणि कधी कधी स्तनात लपलेल्या कॅन्सरची पहिली खूण काखेतच दिसते. काखेतल्या या जादा मांसातही कॅन्सर होऊ शकतो. तो विरळा आहे, स्तनांच्या सगळ्या कॅन्सरमध्ये हजारात तीन ते सहा, पण मुळीच होत नाही असं मी तुला सांगणार नाही. कडक, खडीसारखी, जागची न हलणारी, पाळीशी काही देणंघेणं नसलेली, न दुखता वाढत जाणारी गाठ. वरची कातडी आत ओढलेली किंवा चिघळलेली. बोंडातून रक्ताळ पाणी. किंवा एकाच काखेत अलीकडे नव्यानं आलेली गाठ. यातलं एक जरी दिसलं तरी दुसऱ्याच दिवशी निघायचं. न दुखणारी गाठ निरुपद्रवी असते असं आपल्याकडे धरून चालतात, ते डोक्यातून काढून टाक. दुखणं अंगावर काढायची आपल्याला सवयच लागलीय, आणि न दुखणारं तर आपण मोजतच नाही.

कुठं जायचं? आपल्या बीडच्या जिल्हा रुग्णालयात जा. आरोग्य खात्याच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपर, तपासण्या, उपचार सगळं मोफत आहे. किंवा अंबाजोगाईला जा. तिथलं स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९७४ पासून आहे, खेड्यापाड्यातल्या माणसांसाठीच उभं राहिलेलं आहे. परळी, केज, धारूरकडच्या बायकांना तेच जवळ पडतं. केसपेपर काढताना ‘सर्जरी’ सांग. बायका स्त्रीरोग विभागातच रांग लावतात आणि दुपारी कळतं की रांग चुकली. तपासायला पुरुष डॉक्टर असतील तर सोबत नर्स किंवा आपलं माणूस हवं असं मोकळेपणानं सांग, तो तुझा हक्क आहे. लाजून अर्धवट तपासणी करून येऊ नकोस गं, पुन्हा एसटीचं भाडं आणि पुन्हा एका दिवसाची मजुरी जाते.

डॉक्टर आधी विचारतील, केव्हापासून आहे, पाळीच्या वेळी वाढतं का, बाळंतपणात फुगलं होतं का, घरात आईला, मावशीला, बहिणीला स्तनाचा कॅन्सर झाला होता का. मग हात वर करून, कमरेवर ठेवून, आडवं झोपवून दोन्ही काखा आणि दोन्ही स्तन बघतील. फक्त काखच दाखवून निघायचं नाही. पुष्कळदा एवढ्यावरच त्यांना अंदाज येतो. तरी खात्री करायला सोनोग्राफी सांगतात.

आता या सोनोग्राफीचं बघ. आपल्या जिल्ह्यात हा शब्द उच्चारला की घरातले लोक पोटाकडे बघतात, आणि कोण कुठल्या सेंटरवर दिसली याची चर्चा गावात संध्याकाळपर्यंत पोचते. म्हणून कित्येक जणी जातच नाहीत. घरी आधीच सांगून टाक की सोनोग्राफी काखेची आणि छातीची आहे. त्यात सुई नाही, एक्स-रे नाही. गार जेल लावून वरून यंत्र फिरवतात, बस्स. काखेतलं मांस स्तनाच्या मांसासारखंच दिसलं तर निदान तिथंच पक्कं होत जातं. चाळिशी ओलांडली असेल किंवा शंका असेल तर मॅमोग्राफीही करतात. त्यात स्तन दोन पट्ट्यांमध्ये थोडा वेळ दाबतात. दुखतं, पण सोसवतं. आणि तरीही चित्र स्पष्ट नसेल तर बारीक सुईनं थोड्या पेशी घेतात, किंवा जाड सुईनं छोटा तुकडा काढून तपासायला पाठवतात. ‘सुई लावली की गाठ पसरते’ असं तुला चार जणी सांगतील. त्या भीतीपायी तपासणी टाळू नकोस. सुईनं पसरत नाही. जे पसरायचं असतं ते उशीर केल्यानं पसरतं.

समजा रिपोर्ट आला, ॲक्सेसरी ब्रेस्ट, बाकी काही नाही. मग काय करायचं? खरं सांगू का, बहुतेक वेळा काहीच नाही. हे उत्तर ऐकून तुला चुकल्या-चुकल्यासारखं वाटेल. दवाखान्यात गेलं की गोळी, इंजेक्शन किंवा ऑपरेशन यातलं काहीतरी हवंच, असं आपल्या मनात बसलंय. पण त्रास नसेल तर ते मांस तिथंच राहू द्यायचं. काखेच्या बाजूनं रुंद पट्टीची, नीट मापाची ब्रेसियर वापरायची, पाळीआधी ठणकलं तर गार फडकं ठेवायचं, आणि महिन्यातून एकदा पाळी संपल्यावर छातीसोबत दोन्ही काखाही हातानं चाचपायच्या. छातीवरचं मांस जितकं आपलं, तितकंच हेही आपलं, म्हणून लक्ष दोन्हीकडे द्यायचं.

इथं मी थोडी जास्त बोलणार आहे, तुला कंटाळा आला तरी. २०१९ साली आपल्या बीडचं नाव देशभर झालं ते कशानं, तुला ठाऊक आहे. गर्भपिशवीच्या ऑपरेशननं. आधीच्या तीन वर्षांत जिल्ह्यात ४,६०५ बायकांच्या पिशव्या काढल्या गेल्या, असं आरोग्यमंत्र्यांनी विधिमंडळात सांगितलं. मग डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिनं ८२,३०९ ऊसतोड बायकांची माहिती गोळा केली, आणि त्यातल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. म्हणजे सहा जणींमागे एक. त्यात कितीतरी जणी ऐन तिशीतल्या. अंगावरून पांढरं जातं, पोटात दुखतं म्हणून गेलेल्या बाईला सांगितलं गेलं, काढून टाक, नाहीतर कॅन्सर होईल. आणि बाईनंही मान डोलावली, कारण पाळीच्या चार दिवसांत काम बुडालं की मुकादमाकडे खाडा पडतो, उचल फिटत नाही, आणि एकदा काढून टाकलं की कटकट मिटेल असं तिला वाटलं. पिशवी गेली, आणि पुढं कंबरदुखी, अंगाची आग, हाडांचा ठिसूळपणा मागं लागला. कटकट मिटली नाहीच.

काखेतलं मांस काढणं आणि पिशवी काढणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, मला माहीत आहे. काखेतलं काढल्यानं शरीराचं तेवढं काही बिघडत नाही. पण भीती घालायची रीत तीच असते. ‘आज काढलं नाही तर उद्या कॅन्सर होईल’ असं कुणी म्हणालं तर ऑपरेशनच्या टेबलावर चढायचं नाही. तपासणीत साधं मांस निघालं असेल तर घाई कसलीच नाही. कॅन्सर टाळायचा म्हणून सगळ्याच जणींनी ते काढावं असं नसतं. डॉक्टरांना शांतपणे विचार: हे काय आहे आणि कशावरून म्हणता? नाही काढलं तर माझं काय होईल? काढलं तर काय काय होऊ शकतं? पुन्हा येईल का? खर्च किती आणि योजनेत बसतं का? चांगला डॉक्टर या प्रश्नांनी चिडत नाही. जो चिडेल, त्याचा केसपेपर घेऊन दुसऱ्याकडे जायचं.

आणि काढायचं असेल तर बिनधास्त काढ, त्यात लाज नको. दर महिन्याला पाच-सहा दिवस हात वर होत नसेल, मोळी डोक्यावर घेताना काखेत कळ येत असेल, घामानं तिथली कातडी सोलून निघत असेल, तर ती खरी अडचण आहे. ब्लाउजमधून फुगवटा दिसतो आणि चारचौघींत हात उचलवत नाही, हेही कारण पुरेसं आहे. ‘एवढ्याशा गोष्टीसाठी कशाला’ असं म्हणणाऱ्यांच्या काखेत काही नसतं. फक्त लग्न जमवायचं म्हणून पंधरा-सोळा वर्षांच्या पोरीला कुणी टेबलावर नेत असेल तर तू आडवी ये. त्या वयात अंग वाढत असतं, आणि निर्णय त्या पोरीचा असायला हवा, तोही मोठी झाल्यावर.

ऑपरेशन बहुधा पूर्ण भूल देऊन करतात. काखेच्या घडीतच चीर देतात, म्हणजे व्रण झाकला जातो. आतलं ग्रंथीचं मांस आणि लोंबणारी कातडी काढतात. चरबीच जास्त असेल तर ती नळीनं ओढूनही घेतात, पण नुसत्या ओढण्यानं ग्रंथी पुरत्या जात नाहीत, त्यामुळं पुढच्या बाळंतपणात पुन्हा फुगण्याची शक्यता राहते. काही वेळा एक-दोन दिवस नळी ठेवतात. नंतर जखमेत पाणी साचू शकतं, ते सुईनं काढतात. दंडाच्या आतल्या बाजूला बधिर वाटतं, कारण तिथून जाणारी बारीक नस दुखावते. ते पुष्कळदा काही महिन्यांत निवळतं, कुणाचं थोडं राहतंही. हे सगळं सहीच्या आधी तुला सांगायला हवं. आणि एक गोष्ट माझ्यासाठी लक्षात ठेव: काढलेलं मांस तपासायला पॅथॉलॉजीला गेलंच पाहिजे, कितीही साधं वाटलं तरी. रिपोर्ट हातात घेतल्याशिवाय तुझं काम झालं असं समजू नकोस.

केव्हा करायचं, यावर तुला बसून विचार करावा लागेल. पोटुशी असताना आणि अंगावर पाजत असताना करत नाहीत. दूध पुरतं आटल्यावर काही महिने जाऊ देतात, कारण सूज उतरल्यावर खरं किती मांस आहे ते कळतं. मग कामाचा हिशेब. बोटं आणि कोपर पहिल्या दिवसापासून हलवायचं असतं, नाहीतर खांदा धरतो, पण ओझं उचलणं आणि हात डोक्यावर नेऊन काम करणं निदान दोन-तीन आठवडे, कधी त्याहूनही जास्त बंद. दिवाळीच्या आसपास कोयता घेऊन कारखान्यावर जाणार असशील तर दसऱ्याला ऑपरेशन करून चालणार नाही. तिकडं राहुटीत ड्रेसिंग कोण करणार? गुढीपाडव्यानंतर परत आल्यावर कर म्हणावं, तर आपल्याकडचा वैशाख म्हणजे काखेत सतत घाम, आणि ओली जखम लवकर भरत नाही. मला विचारशील तर पहिले पाऊस पडून गारवा आला की तारीख घे. खुरपणी त्या महिन्यात दुसऱ्या कुणाला तरी करावी लागेल, हे नवऱ्याला आणि सासूबाईंना आधीच सांगून ठेव. पाणी शेंदणं, धुणं, भाकरीचं पीठ मळणं, सगळ्याचीच सोय लागते. ती सोय झाल्याशिवाय तारीख घेऊ नकोस.

पैशाचं म्हणशील तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेत वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार होतात, पण त्यात ठरावीक शस्त्रक्रियाच बसतात. तुझी बसते का, ते दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला भरती होण्याआधी विचार. जाताना रेशन कार्ड आणि आधार कार्ड दोन्ही जवळ ठेव.

आणि बघ, तपासायला जाताना पुढून उघडणारा सैल ब्लाउज घाल, काखेत त्या दिवशी पावडर-डिओ काही लावू नकोस, जुने रिपोर्ट असतील तर एका पिशवीत घे, आणि पाळीची शेवटची तारीख कागदावर लिहून ने. तिथं गेलं की ती कुणालाच आठवत नाही. वर सांगितलेली धोक्याची एकही खूण नसेल, तर पाळी संपल्यावरच्या आठवड्यात जा, म्हणजे दुखणंही कमी असेल आणि तपासणीही नीट होईल. गावातल्या आशाताईंना विचार, त्या दवाखान्याच्या फेऱ्या करतातच, सोबत येतील. सकाळची पहिली एसटी पकड, कारण केसपेपरची खिडकी दुपारी बंद होते.